ओट्रॅंटोचा किल्ला आणि चांद्याचा परकोट

मुंबईस बोरीबंदरच्या स्थानकांत उतरणाऱ्या प्रवाशाला मान वर करून पाहण्याची सवड क्वचितच मिळते. पाहिल्यास टोकदार कमानी, मनोऱ्यांचे सुळके, रंगीत काचांच्या खिडक्या आणि भिंतींतून पुढें झेपावणारे दगडी प्राणी त्याच्या दृष्टीस पडतील. फोर्टांतील हायकोर्ट आणि राजाबाई मनोरा हींहि त्याच घराण्यांतील भावंडें. या बांधणीला ‘गॉथिक’ म्हणतात. पण हा शब्द आरंभीं स्तुतीचा नव्हता. गॉथ हें रोमन साम्राज्यावर घाला घालणाऱ्या एका लढाऊ जमातीचें नांव. पुढें इटलींतील पंडितांनीं मध्ययुगांतील टोकदार कमानींच्या इमारतींना तुच्छतेनें ‘गॉथिक’, म्हणजे रानटी, असें नांव ठेविलें. ज्या शब्दांत अशी हेटाळणी भरलेली होती, तोच शब्द १७६५ सालीं एका इंग्रज गृहस्थानें आपल्या लहानशा कादंबरीच्या नांवाखालीं अभिमानानें छापला. ‘ओट्रॅंटोचा किल्ला : एक गॉथिक कथा’ हें त्या पुस्तकाचें नांव, आणि होरेस वॉल्पोल हें त्याच्या कर्त्याचें. पुढील अडीचशें वर्षांत पडक्या वाड्यांच्या, भुयारांच्या आणि न फिटलेल्या पापांच्या ज्या असंख्य कथा जगांत लिहिल्या गेल्या, त्या सर्वांची आजी ही कथा होय.

वॉल्पोलचा जन्म १७१७ सालचा. त्याचा पिता सर रॉबर्ट वॉल्पोल हा इंग्लंडचा पहिला मुख्य प्रधान मानला जातो. अशा घरांतील मुलाला पार्लमेंटांतील जागा सहज मिळाली. परंतु त्याचें मन राजकारणापेक्षां जुन्या चित्रांत, जुन्या चिलखतांत आणि पत्रव्यवहारांत अधिक रमे. लंडनजवळ ट्विकेनहॅम येथें स्ट्रॉबेरी हिल नांवाचें एक साधें घर त्यानें घेतलें, आणि कित्येक वर्षें खपून त्याला मध्ययुगीन गढीचें रूप दिलें. गंमत अशी कीं, या गढींत जेथें दगड असावा तेथें पुष्कळ ठिकाणीं लांकूड, गिलावा आणि कागदाचा लगदाच होता. दिसायला किल्ला, आणि आंत एका रसिक व धनवान अविवाहित गृहस्थाचें आरामशीर घर! १७६४ च्या जून महिन्यांत एके रात्रीं त्याला स्वप्न पडलें. आपण एका पुरातन किल्ल्यांत असून त्याच्या भव्य जिन्याच्या अगदीं वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक प्रचंड हात टेकलेला आहे, असें त्यानें पाहिलें. त्याच दिवशीं सायंकाळीं तो लिहावयास बसला. काय लिहावयाचें आहे याची त्याला स्वतःलाहि कल्पना नव्हती, असें त्यानेंच पुढें एका मित्राला पत्रांतून कळविलें. दोन महिन्यांच्या आंत कथा पुरी झाली.

पण ती आपल्या नांवानें छापण्याचें धैर्य त्याला झालें नाहीं. तो काळ विवेकाचा व नेमस्तपणाचा होता; भुतांच्या गोष्टी सांगणें हें दाईचें काम, सुशिक्षितांचें नव्हे, अशी समजूत होती. म्हणून त्यानें एक युक्ति योजिली. हें पुस्तक म्हणजे एका इटालियन धर्मगुरूच्या जुन्या ग्रंथाचें भाषांतर असून, मूळ ग्रंथ १५२९ सालीं नेपल्स येथें छापलेला व उत्तर इंग्लंडमधील एका जुन्या घराण्याच्या ग्रंथसंग्रहांत सांपडलेला आहे, असें प्रस्तावनेंत लिहून त्यानें १७६४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशीं ५०० प्रती बाहेर काढल्या. त्या पाहतां पाहतां खपल्या. धीर येऊन दुसऱ्या आवृत्तींत त्यानें कर्तृत्व कबूल केलें. तेव्हां ज्या परीक्षकानें अज्ञानयुगांतील कृति म्हणून कथेचें कौतुक केलें होतें, तोच आतां ‘शहाण्या काळांतील शहाण्या माणसानें असल्या भाकडकथा लिहाव्यात काय?’ अशा अर्थाची कुरकूर करूं लागला. कथा तीच, अक्षर तेंच. बदललें होतें तें केवळ तिचें वय.

कथा थोडक्यांत अशी. ओट्रॅंटोचा राजा मॅनफ्रेड याचा एकुलता एक मुलगा कॉनरॅड हा पंधरा वर्षांचा, प्रकृतीनें नाजूक. त्याचें लग्न इझाबेला नांवाच्या सरदारकन्येशीं व्हावयाचें असतें. मॅनफ्रेडला विलक्षण घाई झालेली आहे. कारण त्या घराण्याविषयीं एक जुनें भाकीत प्रचलित असतें. किल्ल्याचा खरा धनी जेव्हां इतका मोठा होईल कीं त्यांत मावणार नाहीं, तेव्हां किल्ला आणि राज्य या घराण्याच्या हातून जाईल, असें तें भाकीत. त्याचा अर्थ कोणालाच लागत नाहीं. लग्नाच्या दिवशीं पाहुणे जमलेले असतांना अंगणांत एकदम आरोळी उठते. आकाशांतून पडावें तसें एक अवाढव्य शिरस्त्राण काळ्या तुऱ्यांसह खालीं आलेलें असतें, आणि त्याखालीं नवरा मुलगा चिरडून मेलेला असतो.

येथून पुढें कथा धांवूं लागते. वंश चालला पाहिजे या एकाच वेडानें झपाटलेला मॅनफ्रेड आपल्या सात्त्विक पत्नीला टाकून होऊं घातलेल्या सुनेशींच लग्न करूं पाहतो. त्याच्या आजोबाचें चित्र सुस्कारा टाकून चौकटींतून खालीं उतरतें. हातांत मिणमिणता दिवा घेऊन इझाबेला किल्ल्याखालच्या भुयारांतून पळते. वाऱ्याच्या झोतानें दिवा विझतो, आणि त्या मिट्ट काळोखांत थिओडोर नांवाचा एक शेतकरी तरुण तिला वाट दाखवितो. नोकरांना दिवाणखान्यांत चिलखत घातलेला एक राक्षसी पाय दिसतो, जिन्याच्या कठड्यावर तसाच हात दिसतो. शंभर माणसांनीं मिळून उचललेली एक तलवार किल्ल्यांत आणली जाते. शेवटीं आंधळ्या मत्सरानें मॅनफ्रेड एका समाधीजवळ इझाबेला समजून एका स्त्रीला भोसकतो. ती त्याची स्वतःची मुलगी मटिल्डा असते. त्याच रात्रीं किल्ल्याच्या भिंती कोसळतात आणि त्या ढिगाऱ्यांतून पूर्वींचा राजा आल्फॉन्सो याची आकृति आभाळाएवढी उभी राहते. मॅनफ्रेडच्या आजोबानें त्या राजाला विष देऊन, खोटें मृत्युपत्र करून राज्य बळकावलेलें असतें. भाकिताचा अर्थ आतां उलगडतो. खरा धनी घरांत मावेनासा झालेला असतो. आणि त्याचा वारस कोण? तर काळोखांत वाट दाखविणारा तो शेतकरी तरुण.

आजच्या वाचकाला यांतील पुष्कळ गोष्टी बाळबोध वाटतील. पात्रांचीं भाषणें लांबलचक आहेत, योगायोगांचा सुकाळ आहे, आणि तुरे हलविणारें तें शिरस्त्राण भीतीपेक्षां हसूंच अधिक आणतें. तरीहि ही कथा मेली नाहीं. याचें कारण तिच्यांतील भुतांत नसून तिच्यांतील घरांत आहे. संस्कृत साहित्यशास्त्रज्ञांनीं भयानक आणि अद्भुत हे दोन निरनिराळे रस मानले. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा विस्मय. वॉल्पोलनें त्या दोहोंची गांठ घातली आणि ती एका वास्तूला बांधून टाकली. पूर्वींच्या कथांतून भूत रानांत, स्मशानांत किंवा पिंपळावर राहत असे; माणूस त्याच्या हद्दींत गेला तर तें त्याला धरी. वॉल्पोलचें भूत घराच्या मालकीहक्कांत राहतें. तें कोणाला उगाच धरीत नाहीं. तें फक्त एक प्रश्न विचारतें. हें घर कोणाचें आहे? पूर्वजांचें पाप तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोंचतें, हाच आपल्या कथेचा बोध असल्याचें वॉल्पोलनें आपल्या प्रस्तावनेंत सांगितलें आहे. अॅन रॅडक्लिफच्या कादंबऱ्यांतील बंद दालनें, मेरी शेलीचा ‘फ्रॅंकेन्स्टाइन’, ब्रॅम स्टोकरचा १८९७ सालचा ‘ड्रॅक्युला’ या सर्वांनीं पुढें निरनिराळ्या रीतीनें हाच प्रश्न विचारला. जें मागें राहिलें, जें मिटविलें नाहीं, जें दडपलें, तें परत येतें.

वॉल्पोलनें ओट्रॅंटो पाहिलें नव्हतें. तें नांव त्यानें नकाशावरून उचललें होतें, आणि तेथें खरोखरच एक किल्ला आहे हें पुस्तक निघाल्यावर पुष्कळ वर्षांनीं, १७८६ सालीं, एका बाईंनीं त्याचें चित्र पाठविलें तेव्हां त्याला नीटसें कळलें. अर्थात् त्याचा किल्ला कल्पनेंतला होता आणि त्याचें स्वतःचें घर लगद्याचें. परंतु ज्या वस्तु त्याला कल्पनेनें जुळवाव्या लागल्या, म्हणजे परकोट, भाकीत, लग्नमंडपांतील मृत्यु, समाधि आणि विराट् अवयव, त्या सर्व जेथें दगडांत आणि लोकांच्या आठवणींत एकत्र सांपडतात, असें एक शहर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे. वॉल्पोलला त्याचें नांवहि ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तें शहर म्हणजे चांदा, आजचें चंद्रपूर.

इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमावर वसलेली ही गोंड राजांची राजधानी. शहराभोंवतीं सुमारें सात मैल लांबीचा दगडी परकोट आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे त्याला चार दरवाजे, आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसाण अशा पांच खिडक्या. दरवाजांवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचें राजचिन्ह कोरलेलें आहे. हा परकोट कसा झाला याची कथा चांद्यांत घरोघर ठाऊक आहे. खांडक्या बल्लाळशहा नांवाचा राजा बल्लारपूर येथें राज्य करीत होता. त्याच्या अंगावर गांठी उठल्या होत्या आणि कोणत्याहि औषधानें त्या बऱ्या होत नव्हत्या. एकदां शिकारीला गेला असतां तहानेनें व्याकूळ होऊन त्यानें झरपटच्या कोरड्या पात्रांतील एका लहानशा खळग्यांतलें पाणी प्यालें आणि तोंड धुतलें. त्या रात्रीं त्याला गाढ झोंप लागली आणि सकाळीं राणी पाहते तों चेहऱ्यावरील गांठी गेलेल्या! त्या पाण्याजवळ अंचलेश्वराचें स्थान झालें. पुढें त्याच परिसरांत राजाला एक नवल दिसलें. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा शिकारी कुत्र्याच्याच मागें लागला होता. दोघांनीं मोठा फेरा घातला आणि शेवटीं कुत्र्यानें सशाला मारलें. राणीनें सल्ला दिला कीं, ज्या वाटेनें हा पाठलाग झाला त्या वाटेनें तटाची आंखणी करावी. मात्र जेथें ससा पडला ती जागा शहराला धोक्याची राहील, असें भाकीतहि या कथेला जोडलेलें आहे. ओट्रॅंटोप्रमाणें येथेंहि तटाच्या पहिल्या दगडाबरोबर त्याच्या नाशाची शक्यता सांगून ठेवलेली आहे.

त्याच परकोटाच्या आंत, अंचलेश्वर मंदिराजवळ, गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील सर्वांत देखणी समाधि राजा बीरशहाची. ती त्याची राणी हिराई हिनें बांधविली. बीरशहाची कथा कोणत्याहि गॉथिक कादंबरीला शोभली असती. त्याची मुलगी देवगडच्या राजघराण्यांत दिलेली होती. सासरीं तिचा अपमान झाला, तेव्हां जांवयाचें मस्तक महाकालीला वाहण्याचा नवस बीरशहानें केला आणि युद्धांत तो फेडला, असें परंपरा सांगते. देवीच्या मंदिरावर एक दगडी मस्तक देवगडच्या दिशेला तोंड करून बसविलें, असाहि त्या आख्यायिकेचा शेवट आहे. पुढें या राजानें दुसरें लग्न करावयाचें ठरविलें, आणि त्या लग्नाच्या धामधुमींतच हिरामण नांवाच्या त्याच्या पदरच्या रजपुतानें त्याचा खून केला. हिरामणाजवळ मंतरलेल्या तलवारी आहेत अशी वदंता होती. मंगल वाद्यें वाजत असतां नवरदेवच मरून पडावा, ही ओट्रॅंटोची सुरुवात. चांद्यांत ती आकाशांतून पडलेल्या शिरस्त्राणानें नव्हे, तर विश्वासांतल्या माणसाच्या हातून झाली.

आणि विराट् अवयव? तेहि आहेत. शहराच्या दक्षिणेस लालपेठ भागांत उघड्यावर अवाढव्य शिल्पें पसरलेलीं आहेत. एका अखंड शिळेंत कोरलेली दशमुखी देवी सुमारें २५ फूट लांब असून ती उभी नाहीं, जमिनीवर आडवी आहे. तिच्या आसपास इतर देवता व प्राणी तशाच प्रचंड प्रमाणांत घडविलेले आहेत. रायप्पा नांवाच्या एका कोमटी व्यापाऱ्यानें भव्य शिवमंदिर उभारण्याचा संकल्प केला, मूर्ति घडल्या, पण मंदिर उभें राहण्यापूर्वींच तो मरण पावला, असें सांगतात. वॉल्पोलच्या कथेंत तुकड्यातुकड्यानें दिसणारा राक्षसी देह शेवटीं एकत्र येऊन उभा राहतो. लालपेठची देवी मात्र कित्येक पिढ्या आभाळाकडे पाहत पडून आहे. तिला जागेवर बसविणारा कोणी आलाच नाहीं.

इतकी सामग्री असतांना चांद्यानें ओट्रॅंटोसारखी कादंबरी कां दिली नाहीं? याचें एक उत्तर कालक्रमांत आहे. वॉल्पोलची कथा निघाली तेव्हां चांद्याचें गोंड राज्य नुकतेंच बुडालें होतें. शेवटचा राजा नीलकंठशहा याला नागपूरकर भोसल्यांनीं कैद केलें, १७५१ सालीं राज्य खालसा झालें, आणि तो बल्लारपूरच्या किल्ल्यांत बंदींतच मेला. इंग्लंडांतील एक धनिक गृहस्थ हिरावलेल्या राज्याची कथा स्वप्नांत पाहत होता, त्या सुमारास येथें ती घडून गेली होती. १८१८ सालच्या जानेवारींत लंडनमध्यें ‘फ्रॅंकेन्स्टाइन’ प्रसिद्ध झालें. त्याच वर्षाच्या २० मे रोजीं इंग्रजांच्या तोफांनीं चांद्याच्या तटाला खिंडार पाडून शहर घेतलें आणि किल्लेदार गंगासिंग लढतां लढतां पडला. १८५८ च्या २१ ऑक्टोबरला मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना बंडाबद्दल चांद्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. भयकथा ही सुरक्षित माणसाची करमणूक आहे. घरांत शेकोटी पेटलेली असावी, दार लावलेलें असावें, आणि मग पुस्तकांतील वाऱ्याचा आवाज ऐकावा. ज्यांच्या दारावर खऱ्या तोफा येतात त्यांना ती चैन परवडत नाहीं.

दुसरें उत्तर अधिक विचार करण्यासारखें आहे. या राजांच्या कथा प्रथम विस्तारानें कागदावर आल्या त्या कोणत्याहि कथासंग्रहांत नव्हे, तर मेजर लूसी स्मिथ या अधिकाऱ्यानें १८६९ सालीं केलेल्या चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाच्या अहवालांत. गोंडी ही मुख्यतः बोलण्याची व गाण्याची भाषा. तिच्यांतील वंशगाथा प्रधान लोक वाद्यावर गात. त्यांतील ससा, नवस आणि मंतरलेल्या तलवारी एका सरकारी दप्तरांत येऊन बसल्या, आणि त्याच दप्तराच्या पुढल्या पानांवर कोणतें शेत कोणाचें व त्यावर सारा किती, याची नोंद होती. हें घर कोणाचें, हा वॉल्पोलचा प्रश्न जणूं तेथें सरकारी भाषेंत विचारला जात होता.

तिसरें उत्तर मृतांसंबंधींच्या आचारांत आहे. गॉथिक वाड्यांत सर्व कांहीं दडवलेलें असतें : गुप्त दार, गुप्त जिना, गुप्त मृत्युपत्र. चांद्याच्या परकोटाला मात्र मसाण खिडकी आहे आणि तिचें नांव सर्वांना ठाऊक आहे. मेलेल्याला बाहेर जाण्याची वाट तटांतच ठेवलेली आहे. राजाचा खून झाला, तर राणीनें सर्वांना दिसेल अशी समाधि बांधली. नवसाचें मस्तक तळघरांत पुरलें नाहीं, तें देवळावर चढविलें असें लोक सांगतात. त्याहि पलीकडे, १९८२ सालीं चंद्रपुरांतून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, भामरागडच्या डोंगराळ रानांत माडिया समाज मृताच्या नांवानें दगड उभा करण्याची प्रथा आजहि पाळतो. नागपूरजवळ जुनापाणी येथें पुराणवस्तुसंशोधकांना जी शिलावर्तुळें सांपडलीं, त्यांच्याशीं नातें सांगणारी ही चाल आहे. ज्या मृताला गांवाच्या शिवेवर स्वतःचा दगड मिळाला, त्याला जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून उभें राहण्याचें कारण उरत नाहीं. जेथें विधि संपला आणि मृतांना जागा उरली नाहीं, तेथें गॉथिक कादंबरी जन्मली असें म्हटल्यास तें फारसें चुकीचें होणार नाहीं.

मराठींत हा प्रकार आला तो पुण्यामुंबईकडून आणि पुस्तकांच्या वाटेनें. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं निघाली, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालीं. त्यांत राजे, कपटी कारभारी आणि संकटांत सांपडलेल्या नायिका भरपूर आहेत; परंतु शेवटीं सद्गुणाला बक्षीस मिळून सर्व गोड होतें. अस्सल भयकथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नारायण धारप यांनीं रुजविली. १९२५ ते २००८ हा त्यांचा जीवनकाल. ड्रॅक्युलाची पिढी अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’मध्यें उतरली, आणि तेथून धारपांच्या ‘लुचाई’च्या रूपानें मराठी उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. पूर्व विदर्भाच्या रानाचाहि यांत एक लहानसा भाग आहे. २०१८ सालीं ‘तुंबाड’ नांवाचा चित्रपट निघाला. त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनीं सांगितलें आहे कीं, १९९३ सालीं गडचिरोलीच्या उत्तरेकडील नागझिरा अभयारण्यांत एका मित्रानें त्यांना धारपांची एक कथा ऐकविली आणि ती भीति मनांत घर करून राहिली. त्या चित्रपटांतहि एक जुना वाडा आहे, आणि बापाकडून मुलाकडे जाणारी सोन्याची हांव आहे. वॉल्पोलच्या जुन्या बोधापासून तो फार दूर गेलेला नाहीं.

परंतु ‘खरा धनी इतका मोठा होईल कीं तो घरांत मावणार नाहीं’ या भाकिताचा आणखी एक अर्थ या भागानें दाखविला आहे, आणि त्यासाठीं भिंती पाडाव्या लागल्या नाहींत. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यांत मेंढा, म्हणजेच मेंढा-लेखा, नांवाचें गोंडांचें एक लहान गांव आहे. ज्या रानांत त्याच्या कित्येक पिढ्या गेल्या, तें कायद्याच्या दृष्टीनें सरकारचें होतें. २००६ सालच्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं या गांवाला सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील अगदीं पहिल्या गांवांपैकीं तें एक होय. २०११ सालीं आपल्या रानांतील बांबू विकण्यासाठीं लागणारे वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारहि ग्रामसभेच्या हातीं आला. ओट्रॅंटोचें राज्य एका खोट्या कागदानें गेलें. येथें पुष्कळ वर्षांच्या खटपटीनंतर एका खऱ्या कागदानें रान परत आलें. आभाळाएवढी आकृति दिसली नाहीं, कोणाच्या समाधीवर रक्त सांडलें नाहीं. गांवकऱ्यांनीं एकत्र बसून, सर्वांचें मत जुळेपर्यंत चर्चा करून तें साधलें. भयकथेला असा शेवट मानवत नाहीं, पण माणसांना मानवतो.

जुन्या वास्तूंच्या बाबतींतहि हीच निवड पुढें असते. भिंत नुसती पडूं दिली तर तिच्यांत वेली शिरतात, घाण सांचते, सायंकाळनंतर तिकडे कोणी फिरकेनासें होतें, आणि मग तिला भूत आपोआप मिळतें. चांद्याच्या परकोटाची अशीच अवस्था होत चालली होती. २०१७ सालीं इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनीं रोज सकाळीं हातांत कुदळ-फावडें घेऊन तटावरचीं झुडपें व कचरा काढावयास आरंभ केला आणि महिनोन् महिने तें काम चालविलें. बुरूज मोकळे झाले, तटावरून चालतां येऊं लागलें, आणि शहरांतील लोकांनीं आपलीच भिंत पुन्हां पाहिली.

वॉल्पोलनें कागदाच्या लगद्याचा किल्ला बांधला आणि त्यांतून एक कथा निर्माण केली, ही त्याच्या प्रतिभेची किमया. त्याची कथा वाचून झाल्यावर अंगावरचा कांटा थोड्या वेळानें जातो, पण तिचा प्रश्न मागें राहतो. कोणत्याहि जुन्या भिंतीजवळ उभें राहून तो विचारतां येतो : ही कोणीं बांधली, कोणाच्या हातून गेली, आणि ज्यांची होती त्यांचें पुढें काय झालें? चंद्रपुरास जाणाऱ्या पाहुण्याला बहुधा वाघ पाहण्याची घाई असते. त्यानें एखादी सकाळ राखून ठेवून जटपुरा दरवाजापासून तटाच्या कडेनें चालत जावें, बीरशहाच्या समाधीपाशीं थांबावें आणि लालपेठेंत आडवी पडलेली देवी पाहावी. तेथें भूत कोणालाहि दिसणार नाहीं. खऱ्या धन्याची ओळख मात्र थोडीशी पटेल.